गुडघ्याखालची उशी

मी एक जुनी उशी आहे, मित्रांनो, पण माझ्यावर आजवर कुणी डोकं टेकवलेलं नाही. उशी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पलंग येत असेल, पांढरी खोळ येत असेल, खोळीवर भरलेली फुलं येत असतील. तसलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. माझा सगळा जन्म गुडघ्याखाली गेला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच होता. पण याच गुडघ्यापायी पुढे माझ्या जिवाला जो ताप झाला, तो आठवला की अजून माझ्या कापसाच्या गाठी होतात. ऐकाच तुम्ही.

माझे मालक फरशी बसवणारे मिस्त्री. हे काम म्हणजे सकाळी गुडघे टेकायचे ते संध्याकाळीच उचलायचे. लग्न होऊन मालकीणबाई घरात आल्या आणि एके दिवशी त्यांनी नवऱ्याचे गुडघे पाहिले. काळे पडलेले, घट्टे पडलेले, मधून मधून साल निघालेले.  त्यांनी मिस्त्रींची एक जुनी जाड पँट कापली, आत फाटक्या गादीचा कापूस आणि चिंध्या ठासून भरल्या आणि दाभणाने दुहेरी शिवण घातली. अशी मी तयार झाले. ठेंगणी, टणक, रंग उडालेली. एका अंगाला पँटचा खिसासुद्धा तसाच राहिला होता. त्या खिशात मिस्त्री पेन्सिल ठेवू लागले. पेन्सिल खोचलेली उशी तुम्ही कुठे पाहिली आहे का?

पहिल्या दिवशी मला कामावर नेलं तेव्हा मिस्त्रींचा जोडीदार पोट धरधरून हसला. आज राजेसाहेब गादीवर बसून काम करणार म्हणाला. महिना झाला नसेल, तोही अशीच एक उशी शिवून घेऊन आला. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मिस्त्रींच्या कामाची एक रीत होती. फरशी बसवली की ते थापीच्या मुठीने तिच्यावर टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. मधे एकदा, मग चारही कोपऱ्यांवर. भरीव आवाज आला तर पुढची फरशी. पोकळ आवाज आला तर काही खरं नाही. बसवलेली फरशी उचलायची, खालचा सिमेंट-वाळूचा माल सारखा करायचा, परत बसवायची. घरमालक घाई करत, मुकादम वैतागे, जोडीदार तर कपाळावर हात मारून घेई. कोण बघायला जाणार आहे फरशीखाली, असं तो म्हणायचा. मिस्त्री ऐकायचे नाहीत. खाली पोकळ राहिलं की वरून कितीही चकचकीत दिसो, ती फरशी एक दिवस तडकणार, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे की माझ्या शिवणीत बसलं आहे.

एवढा शहाणा माणूस, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात कोबा. खडबडीत, खड्डे पडलेला, पाणी सांडलं की साचून राहणारा. कामावरून उरलेल्या फरश्या आणून त्यांनी दारामागे रचून ठेवल्या होत्या. पुढच्या महिन्यात बसवतो, असं ते दर महिन्याला सांगायचे. मालकीणबाई ऐकून घ्यायच्या आणि खड्ड्यातलं पाणी फडक्याने टिपायच्या. मिस्त्रींच्या आई मात्र ऐकून घेत नसत. गावाला महाल बांधून देतोस आणि माझी बादली रोज डुगडुगते, असं त्या जाता-येता सुनवायच्या.

मग एके दिवशी घात झाला. अर्धवट बांधलेल्या इमारतीचा जिना होता, कठडा नव्हता. मिस्त्री खांद्यावर फरश्यांचा गठ्ठा घेऊन चढत होते. मी त्यांच्या काखेत. वाळूवरून पाय सटकला आणि माणूस, फरश्या आणि मी असे तिघेही खाली आलो. मला काय होणार, मी उशी. पण एका फुटलेल्या फरशीची धार त्यांच्या उजव्या गुडघ्यात घुसली आणि गुडघ्याखालचं हाड मोडलं. जोडीदाराने हाताला लागलं ते फडकं बांधलं. फडकं कसलं, सिमेंटची धूळ पुसायचा बोळा तो. त्या धुळीने पुढे काय दिवे लावले ते सांगतेच.

दवाखान्यात हाड जुळवून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. जखम धुतली, टाके घातले, औषधं दिली. काही दिवसांनी मिस्त्री घरी आले. पाय पलंगावर लांब केला की कळ निघायची, किंचित वाकवला की बरं वाटायचं. त्यांच्या आईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि कोपऱ्यात पडलेली मी त्यांना दिसले. ही तुझी नेहमीची, असं म्हणत त्यांनी मला मोठ्या मायेने मिस्त्रींच्या गुडघ्याखाली सरकवलं. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि हुश्श केलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतकी वर्षं ज्या गुडघ्याखाली काढली, त्याच गुडघ्याला आजारपणात आधार द्यायला मीच. मला वाटलं, आता माझं खरं काम सुरू झालं.

तो आनंद आठवडाभरसुद्धा टिकला नाही. दवाखान्यातून व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या. घरातले सगळे त्यांना व्यायामाच्या बाई म्हणायचे. त्यांनी आल्या आल्या चादर उचलली, मला पाहिलं आणि ओढून बाहेर काढलं.

"ही इथे नको," त्या म्हणाल्या. "गुडघ्याखाली उशी ठेवली की पाय वाकलेला राहतो आणि तसाच आखडतो. ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा. गुडघा आपल्या वजनाने खाली जाऊ दे. दुखेल, पण तेच हवंय."

मला आधी रागच आला. टाचेखाली? पण त्यांनी पुढे सगळं नीट समजावून सांगितलं. गुडघा हलला नाही तर आतून जखडतो, मांडीचा स्नायू सुकतो, मग पाय ना धड सरळ होतो ना धड वाकतो. मला, एका उशीला, ते एकदा सांगून कळलं. घरात तीन मोठी माणसं होती, त्यांना कळलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई जिना उतरल्या, त्यांच्या चपलांचा आवाज थांबला, आणि आईंनी मला टाचेखालून काढून परत गुडघ्याखाली घातलं.

आणि हे रोज. बाई येणार, मला टाचेखाली ठेवणार. बाई जाणार, मी परत गुडघ्याखाली. कधी आई सरकवणार, कधी मालकीणबाई, दोघी नसल्या तर मिस्त्री स्वतः काठीने ओढून घेणार. आईंचं म्हणणं, बाईंचं काय जातं, पोर माझं कण्हतं. मालकीणबाईंचं म्हणणं, दिवसभर ठेवूया, बाई यायच्या वेळी काढूया. म्हणजे व्यायाम बाईंसाठी करायचा, पायासाठी नाही. डोकं आपटावं म्हटलं तर मला डोकं नाही, ओरडावं तर तोंड नाही. आधार द्यायला शिवलेली मी, माझ्याच मऊपणाने त्या पायाचं वाटोळं चाललं होतं आणि सगळे मला म्हणत होते, किती गुणाची गं ही.

काही महिने असे गेले. हाड जुळत आलं होतं, पण गुडघा काही जागचा हलत नव्हता. आणि मग माझ्या अंगाला ओल लागली.

आधी मला वाटलं घाम असेल. घाम नव्हता. वरून बुजलेल्या जखमेच्या एका टोकाला बारीक तोंड फुटलं होतं आणि तिथून पू झिरपत होता. मिस्त्रींना ते सगळ्यांच्या आधी कळलं. संध्याकाळी अंगात कसकस असायची, गुडघा लाल आणि गरम व्हायचा. आता हा माणूस हाक मारील, असं मला वाटलं. त्यांनी काय करावं? मला उलटी केली. ओली बाजू खाली, कोरडी बाजू वर. दुसऱ्या दिवशी ती बाजूही ओली झाली तेव्हा जखमेवर फडक्याची घडी ठेवली आणि व्यायामाच्या बाईंना निरोप पाठवला, आज अंग दुखतंय, येऊ नका. असे निरोप मग वरचेवर जाऊ लागले. तिकडे आईंनी गुडघ्याला शेक द्यायला वीटही तापवत ठेवली होती. मिस्त्रींनी काहीबाही कारणं सांगून ती टाळली, तेवढीच काय ती अक्कल.

फरशीखालची पोकळी ज्याला सहन होत नव्हती, तो हाच माणूस. वरून कातडी चकचकीत, आत सगळं सडत चाललेलं, आणि तो त्यावर चादर ओढून पडलेला. मला इतका संताप आला, की शक्य असतं तर मी टाके उसवून सगळा कापूस मालकीणबाईंपुढे ओतला असता.

शेवटी मालकीणबाईंनीच मला उचललं. ऊन चांगलं पडलंय, गादी-उशा वाळवूया, असं म्हणत त्या मला घेऊन खिडकीशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. त्यांनी मला उलटसुलट केलं, नाकाशी नेलं. माझा टाका न् टाका त्यांच्या हातचा. डाग त्यांच्यापासून कसा लपणार? त्या परत आल्या आणि मला पलंगावर मिस्त्रींच्या समोर ठेवलं.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी चादर गुडघ्यावर ओढून घेतली.

"उशी उलटी करून ठेवत होतात तुम्ही. माझ्यापासून."

"परत कापतील," मिस्त्री म्हणाले. "या वेळी पायच ठेवणार नाहीत. मग मी करू काय? मला दुसरं काय येतं?"

मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या बसल्या नाहीत. त्यांनी खालच्या शेजाऱ्यांना गाडी काढायला सांगितली. तासाभरात मिस्त्री दवाखान्यात होते.

पुढचं मला मालकीणबाईंनी आईंना सांगितलं तेव्हा कळलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, पू तपासायला पाठवला. ती बोळ्यावरची धूळ जखमेत खोलवर गेली होती आणि धुतली तरी जंतू आत राहिले होते. वर कातडी जुळून आली, खाली हाडाला कीड लागली. हाडाचा एक तुकडा मेला होता आणि मेलेल्या हाडात रक्त जात नाही, मग रक्तातून जाणारं औषध तरी कसं पोचणार? म्हणून तो खरवडून काढावा लागला. मूळ हाड जुळलं होतं, तेव्हा पट्टी आणि स्क्रूही काढले. मग कित्येक आठवडे शिरेतून औषध, त्यानंतर गोळ्या. डॉक्टर रागावले नाहीत, याचं मालकीणबाईंना आश्चर्य वाटलं. ओल दिसली त्याच दिवशी आला असता तर कमी खरवडावं लागलं असतं, एवढंच ते म्हणाले. आणि बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

मालकीणबाईंनी धीर करून विचारलं होतं, हे परत कामाला लागतील ना? डॉक्टर म्हणाले, कीड आम्ही काढली, गुडघा आता तुमच्याकडे आहे. पाय सरळ झाला तर माणूस उभा राहील, उभा राहिला तर चालेल, चालला तर कामाचं बघता येईल. सरळच झाला नाही तर पुढचं बोलण्यात अर्थ नाही. आणि याला फार वेळ उरलेला नाही.

दवाखान्यातून मला फेकून द्यायला सांगितलं होतं. मालकीणबाईंनी माझ्या पोटातला सगळा कापूस काढून टाकला, खोळ उकळत्या पाण्यात घातली, कडक उन्हात वाळवली आणि नवा कापूस भरला. वरून धुता-पुसता येईल असं रेक्झिनचं आवरण चढवलं. खिसा झाकला गेला याचं मला वाईट वाटलं, पण जीव वाचला हे काय कमी? आता सगळं नव्याने सुरू होणार, आता तरी हे शहाणे होतील, असं म्हणत मी सज्ज झाले. मिस्त्री घरी आले, पलंगावर टेकले, कण्हले. आणि आईंनी मला उचलून गुडघ्याखाली घातलं.

काय म्हणावं, मित्रांनो? सांगा तुम्हीच.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या. त्यांनी चादर उचलली, मला पाहिलं आणि त्या खुर्चीवर बसूनच राहिल्या. त्यांनीही हात टेकले, असं मला वाटलं.  बाईंची नजर पलंगाखाली गेली. तिथे मिस्त्रींची हत्यारांची पिशवी होती, तिच्यात गिऱ्हाइकांना दाखवायचे फरशीचे लहान तुकडे होते. बाईंनी मूठभर तुकडे काढले, मला बाजूला केलं आणि पलंगावर गादीऐवजी फळी घालायला लावली. मिस्त्रींना दोन्ही पाय लांब करायला सांगितले.

आधी त्यांनी चांगल्या पायाच्या गुडघ्याखाली एक तुकडा सरकवला. तो जेमतेम गेला. दुसरा जाईना. मग त्या दुखऱ्या पायाकडे वळल्या. एक तुकडा गेला. त्यावर दुसरा गेला, तिसरा, चौथा. पाचवाही गेला आणि वर फट उरलीच.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "फरशीखाली एवढी पोकळी राहिली तर तुम्ही काय करता? चिंध्या भरून झाकता?"

मिस्त्री तो ढीग बघत राहिले. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता, कारण माझी जागा नेहमी खाली. कानशिलं लाल झाली होती.  

"उचलून परत बसवतो," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी हात लांब करून मला घेतलं आणि स्वतःच्या हाताने टाचेखाली ठेवलं.

त्या दिवसापासून घरात एकच वेड. रोज सकाळी फळीवर पाय आणि गुडघ्याखाली तुकडे. आई चष्मा लावून वाकून बघायच्या आणि नवस फेडल्यासारख्या गंभीर चेहऱ्याने आकडा सांगायच्या. व्यायाम काही सोपा नव्हता. गुडघा खाली दाबून मांडी आवळायची, टाच फळीवर पुढे-मागे सरकवायची, पलंगाच्या कडेला बसून पाय हळूहळू वाकवायचा. मिस्त्री घामाघूम व्हायचे, बाईंवर चिडायचे, माझ्यावर चिडायचे. एकदा तर मला भिंतीवर फेकून मारलं. मी तिथून सरळ परत टाचेखाली. मालकीणबाई गोळी दिल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायच्या, शाळेतल्या पोराला लावतात तशा. गोळ्यांचा सगळा कोर्स त्यांनी असा पहारा ठेवून पुरा करून घेतला. जखम कोरडी राहिली आणि पुढच्या तपासण्याही चांगल्या आल्या.

तुकडे एकेक करून कमी झाले. मधे कित्येक आठवडे आकडा अडूनच बसला, तेव्हा मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशी जोडीदार आला. तो नेहमीचं चिडवणं विसरून दारामागच्या फरश्यांकडे बघत म्हणाला, ह्या मी घेऊन जाऊ का, तसंही कुणी बसवायचं नाही. मिस्त्री उठून बसले. त्यांनी त्याला काय सुनावलं ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. पण त्या संध्याकाळी व्यायाम दुप्पट झाला.

शेवटी एक तुकडा उरला आणि दुसरा जाईना. दोन्ही पाय सारखे झाले. मिस्त्री काठी घेऊन उभे राहिले, मग काठी न घेता. वाकण्याचं मात्र तेवढं जमलं नाही. खुर्चीवर, बैठ्या स्टुलावर बसता येतं, जिना चढता येतो. पण त्या गुडघ्यावर टेकून बसणं आता नाही. आधीपासून मला टाचेखाली ठेवलं असतं, ओल दिसताच सांगितलं असतं, तर कदाचित जमलं असतं. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरात कुणीच कुणाला दोष दिला नाही. मला द्यायचा होता, सगळ्यांना, नाव घेऊन. पण मिस्त्रींनी मान खाली घातली होती, ती बघून माझाही राग थोडा विरघळला. थोडाच.

परवा त्यांनी स्वयंपाकघरातला कोबा फोडून घेतला. जोडीदार माल कालवून देत होता. मिस्त्री बैठ्या स्टुलावर बसले, उजवा पाय समोर लांब केला आणि मला हाक मारल्यासारखं बोट दाखवलं. मालकीणबाईंनी मला त्यांच्या टाचेखाली ठेवलं. मग त्या एकेक फरशी देत गेल्या आणि मिस्त्री बसवत गेले. पूर्वीचा वेग नव्हता, पण टकटक तीच. एक फरशी पोकळ वाजली. त्यांनी ती उचलली, खालचा माल सारखा केला, परत बसवली. जोडीदाराने सवयीने कपाळावर हात मारून घेतला.

आई चहाचा कप घेऊन आल्या. कप खाली ठेवला, मुलाच्या पायाकडे पाहिलं, आणि त्यांचा हात माझ्याकडे आला. इतके महिने तुकडे मोजणारी बाई, मित्रांनो! मला उचलून त्या गुडघ्याकडे नेऊ लागल्या. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा पहिल्यापासून.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. कान फरशीलाच होता.

"आई, टाचेखाली," ते म्हणाले.

आईंनी मला टाचेखाली ठेवलं, नीट सरळ केलं आणि वरून एकदा थोपटलं. मिस्त्रींनी फरशीवर टकटक केली. आवाज भरीव आला.

म्हणून हात जोडून सांगते, आणि मला हात नाहीत हे लक्षात घेऊन ऐका. तुमच्या घरात कुणाचा गुडघा दुखावला, तर त्याच्यावर माया जरूर करा, पण व्यायाम शिकवणाऱ्यांनी सांगितलेल्या जागीच उशी ठेवा. गोळ्या मधेच सोडू नका. आणि उशीला ओल लागली तर तिला उलटी करू नका हो. ती बिचारी ओरडू शकत नाही, तुम्हीच कुणाला तरी हाक मारा.